बाराखडी येते, मग वाचता का येत नाही?

गणपतीची सुट्टी संपून आमची कोकण किनाऱ्यावरची शाळा भरली, त्या दिवशी एक आजोबा नातवाचं बोट धरून वर्गाच्या दारात उभे राहिले. पोरगा दुसरीतला. "बाई, ह्याका सगळी बाराखडी येता. मगे वाचूक कित्याक येणा नाय?" सूर तक्रारीचा नव्हता, कोड्यात पडल्याचा होता. मी फळ्यावर 'मासे' असं लिहिलं. पोरगा ओठ हलवायला लागला. म, मा. थांबला. मग स, सा, सि, सी, सु, सू, से. आणि मोठ्यानं म्हणाला, "से!" मधल्या मधे 'मा' कुठे सांडला, हे त्यालाही कळलं नाही.

आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर त्या अर्ध्या मिनिटातच होतं. नातवाला बाराखडी येत होती ती आरतीसारखी. आपल्याला आरत्या तोंडपाठ असतात, पण तिसऱ्या कडव्यातला चौथा शब्द कोणी विचारला तर पहिल्यापासून म्हणत यावं लागतं. या पोराला 'से' गाठायला 'स'पासून चालत जावं लागत होतं, आणि तिथे पोचेपर्यंत हातातला 'मा' गळून पडत होता. पाठांतर आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरी तपासायचं असेल तर बाराखडी म्हणून घेऊ नका. कागदावर पाच-सहा अक्षरं विस्कटून लिहा आणि कुठल्याही एकावर बोट ठेवून विचारा. क्षणात उत्तर आलं तर ओळख आहे. ओठ हलायला लागले तर अजून पाठांतरच आहे.

आता 'मा' का गळला ते बघू. डोक्यात जी गोष्ट या क्षणी वापरायची आहे ती ठेवायला जागा फार थोडी असते, मुलांच्या डोक्यात तर आणखी थोडी. एकेक अक्षर ओळखायलाच ती सगळी जागा लागली तर आधीचं अक्षर सांभाळायला काही उरत नाही. मग शब्द जुळणार कसा, आणि अर्थ लागणार कुठून? म्हणून अक्षर बघताक्षणी ओळखता येणं याला महत्त्व आहे. तो काही शर्यतीचा भाग नाही, डोकं अर्थासाठी मोकळं करण्याचा भाग आहे.

ओळखायची अक्षरं तरी किती? मराठीत व्यंजनं ३४, बाराखडीतली रूपं १२. गुणाकार केला तर ४०८, आणि जोडाक्षरं वेगळीच. अर्थात कोणी चारशे चिन्हं सुटी सुटी शिकत नाही. चिन्हं जोडण्याची रीत एकदा कळली की बाकीची कळत जातात. तरी डोळ्याला ती सगळी सरावाची व्हावी लागतात, आणि त्याला वेळ लागतो. कन्नड ही आपल्यासारखीच अक्षरांची लिपी. ती शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की अक्षरांवर पुरती पकड यायला तिसरी-चौथीपर्यंतचा काळ जातो. पहिलीच्या दिवाळीत पोर धडाधड वाचत नाही म्हणून हताश होणाऱ्या पालकांना मी एवढं नक्की सांगते.

यापुढची अडचण मोठ्या माणसांना दिसतच नाही, कारण आपण ती कधीच पार केलेली असते. 'सुरमई' लिहा. कागदावर चार अक्षरं: सु, र, म, ई. पण तोंडानं आपण म्हणतो 'सुर्मई'. 'बांगडा' लिहितो, म्हणतो 'बांग्डा'. 'घर' म्हणताना शेवटच्या र मधला अ आपण गिळून टाकतो. प्रत्येक व्यंजनात एक अ लपलेला असतो. तो कुठे म्हणायचा आणि कुठे सोडायचा, याचा नियम फळ्यावर लिहून कोणी शिकवत नाही. मूल मात्र फळ्यावर दिसतं तसंच म्हणतं: सु…र…म…ई. मग किनाऱ्यावरच्या पोराच्या बाबतीत एक गंमत होते. चार तुकडे तोंडातून बाहेर पडतात, कान ते ऐकतो, आणि चेहरा एकदम उजळतो. "सुरमई!" तो शब्द त्याच्या कानात आधीपासून होता, म्हणून अक्षरांना जाऊन चिकटला. त्याच मुलाला तक्त्यावरचा 'ऐरण' वाचायला द्या. ऐ…र…ण. तिन्ही अक्षरं बरोबर, आणि मूल आपल्याकडे बघत बसतं. ऐरण त्यानं पाहिलेली नाही, ऐकलेलीही नाही. चिकटायचं कशाला?

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये हे गुणाकाराच्या रूपात मांडलं. लिपी उलगडता येणं गुणिले भाषा समजणं, म्हणजे वाचन. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य असलं तर उत्तर शून्यच येतं. आजोबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, होडी आणि वल्हं. जवळपास तेच.

मग सुरुवात कुठल्या अक्षरांनी करायची? सवयीनं आपण क, ख, ग, घ, ङ असं म्हणतो. हा क्रम लावणाऱ्यांची कमाल आहे. क, च, ट, त, प सावकाश म्हणून बघा, आवाज घशापासून एकेक पायरी उतरत ओठांवर येतो. पण ही मांडणी आवाजाचा अभ्यास करणाऱ्यासाठी आहे, सहा वर्षांच्या मुलासाठी नाही. पहिली पाच अक्षरं शिकून मूल कुठला शब्द वाचेल? 'ङ'नं सुरू होणारा शब्द नाहीच. ण आणि ळ यांचीही तीच गत, म्हणून तर तक्त्यावर 'ण बाणाचा' आणि 'ळ बाळाचा' अशी पळवाट काढावी लागते. शिवाय क-ख, ग-घ हे कानाला जवळचे आवाज लागोपाठ आले की गोंधळ वाढतो.

त्याऐवजी क, न, म, र, ल, ळ ही सहा अक्षरं आणि एक काना घ्या. नाक, कान, मान, काम, माळ, लाल, काळा, कमळ, नारळ. दोन-तीन आठवड्यांत मूल "काकाला नारळ, मामाला माळ" एवढं स्वतः वाचतं. वाचलेलं कळतं, हसू येतं, कारण मामाला कशाला माळ! अक्षरं शिकतानाच वाचल्याची चव लागते ती अशी. सारखी दिसणारी अक्षरं मात्र मी मुद्दाम लांब लांब ठेवते. घ आणि ध, म आणि भ, ब आणि व एका आठवड्यात शिकवले की पुढचे सहा महिने निस्तरत बसावं लागतं. हे मी पहिल्या दोन वर्षांत स्वतःच्या चुकीनं शिकले.

मात्रांचं दुखणं निराळं. डोळा डावीकडून उजवीकडे जातो, पण 'कि' मध्ये आधी दिसते वेलांटी आणि आधी म्हणायचा असतो क. उकार खाली, मात्रा वर, ओकार वर आणि बाजूला. म्हणजे मराठी वाचणारा डोळा सरळ रेषेत चालत नाही. मासा गळाला लागल्यावर दोर हलतो तसा तो पुढे-मागे, वर-खाली होतो. रफार तर सगळ्यात खट्याळ. 'गर्दी' मध्ये तो बसतो 'दी'च्या डोक्यावर आणि म्हणायचा 'द'च्या आधी. बिचाऱ्या र ला रूपं तरी किती: सूर्य, प्रकाश, ट्रक, आणि खाऱ्या पाण्यातला तो आडवा. हा शेवटचा उगाच नाही बरं का. 'दर्या' आणि 'दऱ्या' शेजारी लिहून बघा. पहिल्यात होडी चालते, दुसऱ्यात पडलं तर माणूस सापडत नाही. फरक तेवढ्या एका र चा.

टिंबाची गोष्ट मुलांना आवडते. टिंब हा गरीब माणूस, त्याला स्वतःचा आवाज नाही, तो शेजाऱ्याकडून उसना आणतो. 'आंबा' मध्ये पुढे ब आहे म्हणून तो म् होतो, 'अंडं' मध्ये ण्, 'गंध' मध्ये न्. ओठ मिटले की नाही हे आरशात बघून मुलं हे स्वतः शोधून काढतात. एका पोरीनं मला विचारलं, "बाई, मगे 'संशय'मधलो टिंब कोणाकडसून आणता?" उत्तर द्यायला मला मधली सुट्टी होईपर्यंत वेळ मागावा लागला.

जोडाक्षरं कधी शिकवायची, यावर शिक्षकांत वाद असतो. पुष्कळ ठिकाणी ती अगदी शेवटी ठेवतात, अवघड म्हणून. मला ते पटत नाही, आणि कारण मराठीच्या स्वभावात आहे. आपण शब्दाला प्रत्यय लावतो तेव्हा मूळ शब्दच बदलतो. पाणी, पण पाण्यात. आंबा, पण आंब्याचा. मी, माझा, माझ्या. साध्यातलं साधं वाक्य बोलायला गेलं की जोडाक्षर येतंच. ते टाळून लिहिलेली वाक्यं "कमल घर बघ" अशी होतात, आणि असं या किनाऱ्यावर कुठलंही पोर बोलत नाही. म्हणून 'माझ्या', 'तुझ्या', 'पाण्यात' असे सात-आठ शब्द मी पहिलीतच चित्रासारखे डोळ्यांच्या ओळखीचे करून टाकते. त्यातलं जोडाक्षर उकलून दाखवायचं ते नंतर.

हाच स्वभाव वेगाच्या मोजमापातही आडवा येतो. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानानं २०२१ मध्ये तिसरीच्या मुलासाठी मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, असं लक्ष्य ठेवलं. विचार योग्य आहे, कारण फार अडखळत वाचणाऱ्याला अर्थ लागत नाही. पण 'समुद्रकिनाऱ्यावरच्या' हा मराठीत एकच शब्द. तो आणि 'घर' यांना सारखेच गुण? घड्याळ लावून मुलाला वाचायला बसवणाऱ्या पालकांनी एवढं ध्यानात ठेवावं. पोर तीस शब्दांत अडलं, पण वाचलेलं आपल्या शब्दांत सांगू शकलं, तर ते वाटेवर आहे. साठ शब्द भराभर म्हणून "काय वाचलंस?" यावर गप्प बसणारं मूल मला जास्त काळजीत टाकतं.

भाषेचं काय? आमच्याकडे घरात मालवणी. पुस्तकात मुलीचं चित्र, खाली 'मुलगी', आणि पोर बिनदिक्कत वाचतं "चेडू". ही चूक आहे की नाही? अर्थ शंभर टक्के बरोबर. पण त्यानं चित्र वाचलं, अक्षरं नाही. "चुकलं" असं म्हटलं तर त्याला कळतं एवढंच की घरी बोलतो ते चुकीचं. मी म्हणते, "बरोबर, चेडूच. आता पहिलं अक्षर बघ. तिथे 'चे' दिसतंय का?" मूल बघतं, मान हलवतं, आणि मग 'मु'कडे वळतं. आपलं वाचन आपणच तपासायचं, ही सवय अशीच लागते.

तिकडे रायगडात आगरी-कोळी वस्तीत शिकवणारी माझी एक मैत्रीण सांगते की तिची मुलं 'पाणी'चं 'पानी' आणि 'डोळा'चं 'डोला' लिहितात. लाल शाई मारण्याआधी जरा थांबून बघा. घरात ण चा न आणि ळ चा ल होतो, आणि मुलानं जे ऐकलं ते अचूक उतरवलं. म्हणजे आवाज आणि अक्षर यांची गाठ पक्की बसली आहे! आता काम उरलं ते कानाचं. जीभ मागे वळवून ण म्हणायचा खेळ चार दिवस खेळला की लिहिणं आपोआप सुधारतं. आंब्याच्या बागांत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं आमच्या शाळांत असतात, त्यांचं याच्या उलट. देवनागरी त्यांच्याही भाषेची लिपी. अक्षरं ती पटकन ओळखतात, पण 'चार' आणि 'चारा' यांतले च वेगळे, हे मराठी कानाला जन्मतः ठाऊक असलेलं त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

एक उपाय दोघांनाही लागू पडतो. मुलानं सांगायचं, बाईंनी लिहायचं. एकदा रापणीबद्दल, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याबद्दल, एकजण म्हणाला, "काल रापणीक बांगडे गावले." मी फळ्यावर तसंच लिहिलं, 'गावले'सकट. सगळ्यांनी वाचलं, कारण ते त्यांचंच बोलणं होतं. मग खाली लिहिलं, 'काल रापणीत बांगडे मिळाले.' दोन वाक्यांतले कुठले शब्द सारखे, कुठले वेगळे, हे शोधण्यात तास गेला. कोणी कोणाला अशुद्ध म्हटलं नाही, आणि प्रमाण मराठीही शिकून झाली.

नवीन काहीतरी काढलं, असा माझा दावा नाही. याच कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला, बोर्डीला, ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. सोबत अनुताई वाघ होत्या. शिंपले, बिया, पानं, दगड हीच त्यांची साधनं. मुलाच्या अंगणात जे आहे त्याबद्दल आधी बोलायचं, मग लिहायचं. इतक्या वर्षांनी बोर्डी-कोसबाडच्याच, म्हणजे पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये मुलांचा तीन वर्षं मागोवा घेतलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात काय दिसलं? वर्गातला पुष्कळ वेळ अक्षरं घोकण्यात आणि फळ्यावरचं उतरवून घेण्यात जातो, अर्थाविषयी बोलणं मागे पडतं.

उतरवून घेणं म्हणजे लिहिणं नव्हे. एक वही माझ्याकडे जपून ठेवली आहे. 'होडी' दहा वेळा लिहायला सांगितलं होतं. पहिल्या तीन ओळी ठीक. चौथ्या ओळीत मात्रा राहिली, होडीची 'हाडी' झाली, आणि तिथून खाली दहाव्या ओळीपर्यंत हाडीच हाडी. पोर शब्द लिहीतच नव्हतं, वरच्या ओळीचं चित्र काढत होतं. तीनदा लिहा, पण दर वेळी वरचं झाकून, मनातून. दहा ओळींपेक्षा त्या तीन कामाच्या.

हाताचंही वेगळं शिक्षण असतं. पहिलीतल्या मुलाची बोटं अजून तयार होत असतात. त्याला थेट बारीक रेघांच्या वहीत बसवलं की तो पेन्सिल आवळून धरतो, हात दुखतो, आणि लिहायचा कंटाळा येतो. आमच्याकडे पावसाळा सरला की पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, आहेच. बोटानं किंवा काटकीनं हातभर उंचीचा 'क' काढायचा, खांद्यापासून. वेंगुर्ल्याच्या बाजूला सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, ओवणाऱ्या पोरींची अक्षरं सुबक का येतात, याचं मला तरी नवल वाटत नाही, त्यांची बोटं आधीच शिकलेली असतात. आणखी एक बारकावा: आपली अक्षरं रेघेवर बसत नाहीत, वरच्या रेघेला टांगलेली असतात, दोरीवर वाळत घातलेल्या सुक्या बोंबलांसारखी. हे एकदा सांगितलं की वरखाली उड्या मारणारी अक्षरं बरीच शहाणी होतात.

ऱ्हस्व-दीर्घ मी पहिली-दुसरीत फार ताणत नाही. बोलताना आपणच ते नीट पाळत नाही, मग सहा वर्षांच्या कानाला ते ऐकू येणार कुठून? मात्र 'शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दीर्घ' एवढा नियम लवकर सांगते, त्यात खूप शब्द सुटतात. आजी-आजोबांनी शिकवताना एक जपावं. मराठीच्या लेखनाचे नियम १९६२ मध्ये बदलले. त्यामुळे त्यांच्या हातातून 'कवि', 'नांव', 'कांहीं' येतं आणि पुस्तकात 'कवी', 'नाव', 'काही' असतं. पूर्वी टिंबामुळे माणसाचं नांव आणि पाण्यावरची नाव वेगळी दिसायची. आता होडीवर रंगवलेलं नाव आणि खुद्द नाव, दोन्ही सारखीच.

घरी काय करता येईल, असं सगळेच विचारतात. होडीवरचं नाव वाचायला सांगा. एसटीची पाटी वाचून गाडी कुठे जाते ते पोरानंच सांगायचं. रात्री पाच मिनिटं कोणीतरी गोष्ट वाचून दाखवावी, ओळीखालून बोट फिरवत. बाबा मुंबईला असतील तर फोनवर बोलण्याआधी कागदावर दोन ओळी लिहून त्याचा फोटो पाठवू द्या, आणि बाबांनी चुका न काढता उत्तर द्यावं. शेवटचं सर्वांत जड जातं, असं दिसतं.

दुसरी संपत आली, शाळा बुडलेली नाही, भाषा घरचीच आहे, तरी अक्षरं पुन्हा पुन्हा निसटतात, असं असेल तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. तिथे काही नसेल तर वाचनाचीच विशिष्ट अडचण असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची दखल आहे, आणि अशा मुलाला शाळेत सवलती मिळतात. त्याला 'ढ' म्हणण्यात वर्ष घालवू नये.

आजोबांच्या नातवाचं पुढे काय झालं? बाराखडी बंद केली. विस्कटलेली अक्षरं, मग दोन अक्षरांचे शब्द, मग त्यानंच सांगितलेली आणि मी लिहिलेली वाक्यं. शिमग्याच्या सुमारास त्यानं पहिल्यांदा आपण होऊन एक वाक्य लिहिलं आणि आजोबांना दाखवायला घरी नेलं: 'आजोबांची होडी दऱ्या वर गेली.' दुसऱ्या दिवशी आजोबा कागद घेऊन शाळेत हजर. चष्मा नाकावर, बोट बरोबर त्या आडव्या र वर. "बाई, ह्येना माझी होडी डोंगरात कित्याक धाडल्यान?"